धाकटीनं लावलेलं धुकं

आमच्या घरात जे काही मोडतं, निखळतं किंवा नुसतं कुरकुरतं, त्याला पांढरी टेप गुंडाळली जाते. कुकरची मूठ, माझ्या चष्म्याची काडी, टीव्हीचा रिमोट, छत्रीचा दांडा. एकदा तर आमच्या दिरांच्या चपलेचा अंगठाही पांढरा दिसला होता. हे सगळे माझ्या सासऱ्यांचे उद्योग. बाबांनी जन्मभर प्लंबरचं काम केलं. नळाच्या आट्यांवर ही टेप घट्ट गुंडाळली की सांधा गळत नाही, हे जगातलं पहिलं सत्य, बाकीची सगळी सत्यं त्याच्या खालोखाल, असं त्यांचं मत. खिशात पेन नसेल, रुमाल नसेल, पण टेपचं रीळ असणारच. शर्ट धुवायला टाकला की ते रीळ मीच काढून ठेवते, कारण कपडे धुणं हाच माझा धंदा आहे. पण मी माझं पुराण लावायला बसलेले नाही. मला सांगायचंय ते माझ्या धाकट्या जावेबद्दल.

जावा म्हटल्या की लोक धरूनच चालतात की या एकमेकींना पाण्यात पाहणार. आमचं तसं नाही. म्हणजे भांडतो आम्ही, भरपूर भांडतो, पण समोरासमोर. धाकटी बुटकी आहे, हडकुळी आहे, बोलणं मोजकं. कुणाच्याही घरी गेली की आधी मान वर करून छताकडे बघते. यजमानीण बिचारी ओशाळते, तिला वाटतं ही कोळिष्टकं शोधतेय. मग मला सांगावं लागतं, "अहो, तुमच्या घराला नावं नाही ठेवत ती. छतातून पाइप कुठून नेता येईल ते बघतेय. सवयच आहे तिला."

लग्नाआधी ती एका रोपवाटिकेत कामाला होती. तिथल्या काचघरात नाजूक रोपांवर दिवसभर पाण्याचं धुकं सोडायचे. ते धुकं ज्या नोझलमधून यायचं त्याची भोकं सुईच्या टोकाएवढी. कचरा अडकला की रोपं माना टाकायची. ती भोकं साफ करायचं काम हिच्याकडे, आणि ते ती आपल्याच डोक्याच्या केसानं करायची. हे तिनं बघायला आलेल्या माणसांना, म्हणजे आम्हांला, पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी घरी येऊन नाक मुरडलं, बाबा मात्र खूश. म्हणाले, "या मुलीला भोकाचं महत्त्व कळतं."

बाबांच्या दोन्ही मुलांनी पान्याला कधी हात लावला नाही. माझा नवरा बस चालवतो, दीर कचेरीत बसतात. त्यामुळे ही लग्न होऊन आली आणि बाबांना जणू लॉटरी लागली. आधी ती नुसती बॅटरी धरायला त्यांच्याबरोबर जायची. मग पाइप कापायला लागली, मग वाकवायला, मग सांधे जोडायला. बाबा शिकवताना चिडायचे, आणि ही चिडलेल्या माणसाकडून शिकण्यात पटाईत. ते ओरडत असताना ती त्यांच्या हातांकडे बघत राहायची, तोंडाकडे नाही. सून म्हणून आली आणि शागीर्द होऊन बसली.

पुढे इमारतींमध्ये आग विझवायची धुक्याची यंत्रणा बसवणाऱ्या एका कंपनीला माणसं हवी होती. पाइपाचं काम यायला हवं आणि बारीक भोकांचा कंटाळा यायला नको, अशी. सांगा बरं, हिच्यासारखं दुसरं कोण मिळणार होतं त्यांना? तिथं तिनं रीतसर शिक्षण घेतलं, आणि काही वर्षांत तिच्या हाताखाली माणसं आली.

आग धुक्यानं विझते हे मला आधी पटलंच नव्हतं. आग विझवायची तर धो धो पाणी ओतायला हवं, ही माझी समजूत. तेव्हा तिनं मला माझ्याच भाषेत सांगितलं. म्हणाली, "ताई, कपड्याला इस्त्री करण्याआधी तुम्ही पाणी शिंपडता ना? तांब्यानं ओतलं तर एकाच जागी भिजतं आणि बाकीचं वाहून जातं. बारीक फवारलं तर थोड्या पाण्यात सगळं कापड दमट होतं, आणि इस्त्री टेकली की चर्रकन वाफ होते. तसंच हे. थेंब जितका बारीक, तितकी त्याची वाफ पटकन होते. वाफ होताना तो आगीची उष्णता ओढून घेतो. आणि वाफेनं जागा धरली की ज्वाळेला हवा मिळत नाही."

"म्हणजे आगीला गारही करायचं आणि तिचं नाकही दाबायचं," मी म्हटलं.

"तेच. आणि तेही घर न बुडवता."

मला पटलं. इस्त्रीचं उदाहरण दिलं की मला काहीही पटतं.

मी एका शुश्रूषाकेंद्रात लाँड्री सांभाळते. अंथरुणाला खिळलेली माणसं तिथं असतात. काहींना कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागतो. माझी खोली तळमजल्यावर, मोठमोठी यंत्रं, वाफेची इस्त्री, चादरींचे ढीग. वर एक नवा विभाग बांधला तेव्हा अग्निसुरक्षेच्या कार्यालयानं अट घातली की तिथं आपोआप चालणारी यंत्रणा हवीच, कारण ही माणसं जिना उतरून पळू शकत नाहीत. इमारत जुनी, पाण्याची मोठी टाकी गच्चीवर बसवता येत नव्हती, म्हणून धुकं ठरलं. काम धाकटीच्या कंपनीला मिळालं. प्रत्येक खोलीच्या छताला नोझल, खोलीत धूर ओळखणारं यंत्र, तळघरात जोरदार पंप. धूर दिसला की त्या खोलीचा व्हॉल्व्ह उघडणार आणि तिथली सगळी नोझल एकदम धुकं सोडणार.

काम सुरू होतं तेव्हाच आमच्या सासूबाईंना झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, शब्द सापडेनात. मोठ्या रुग्णालयात त्या होत्या, पण तिथं किती दिवस ठेवणार? आणि आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या नावानं बोंब. तेव्हा असं ठरलं की नवा विभाग उघडला की आईंना तिथंच ठेवायचं. मी दिवसभर खाली असतेच, धाकटीही येऊन जाऊन. बाबांनी खोली बघून ठेवली, खिडकीजवळचा पलंग पसंत केला. विभागाची तपासणी झाली, दाखला मिळाला, की आई तिथं. आम्ही सगळे त्या एका दिवसाकडे डोळे लावून बसलो होतो.

तपासणीच्या आदल्या सकाळी धाकटीनं स्वतःची चाचणी घेतली. तिची पद्धत अशी की प्रत्येक नोझलखाली कोरडी चादर टांगायची. जुन्या चादरी मागायला ती माझ्याकडेच येते, आणि धुकं पडून गेलं की हात लावून बघायलाही मलाच बोलावते. तिच्याकडे त्यासाठी मापं आहेत, यंत्रं आहेत, ती सगळी ती वापरतेच. पण ओल्या कापडाबाबत ती माझ्या बोटांवर विश्वास ठेवते, आणि तिचं बरोबर आहे.

बाकीच्या खोल्यांत सगळं ठीक निघालं, शेवटी आईंच्या खोलीत धुकं सोडलं. पाइप शिट्टीसारखे वाजले, आणि बघता बघता खोली पांढरी झाली. समोरचं दार दिसेना. बंद झाल्यावर मी आत गेले. दाराजवळची चादर झकास, इस्त्रीला हवी तशी सगळीकडून सारखी दमट. मधलीही तशीच. खिडकीकडची मात्र वरून खालपर्यंत एका रेघेत चिंब आणि बाकी कोरडी ठणठणीत. म्हणजे ते नोझल फवारत नव्हतं, नुसतं ठिबकत होतं. आईंच्या पलंगाच्या बरोबर वर.

धाकटी शिडीवर चढली, नोझल उघडलं, आतली बारीक जाळी तळहातावर उपडी केली. जाळीला एक पांढरी चिंधी चिकटली होती, नखाएवढी. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दोघींनी एका क्षणात ओळखली. आमच्या कुकरच्या मुठीला तीच आहे.

आता, ही नोझल बसवताना टेप लावायचीच नसते. आतमध्ये रबरी रिंग असते, तिच्यावरच सांधा बसतो. धाकटीच्या माणसांना हे तोंडपाठ आहे. ही चूक करणारा माणूस एकच, आणि तो त्या वेळी स्वच्छ शर्ट घालून, केस विंचरून, सुनेचं काम बघायला दाराशी उभा होता.

धाकटीनं चारचौघांत काही विचारलं नाही. "बाबा, जरा खाली चला," एवढंच म्हणाली, आणि आम्ही तिघं माझ्या लाँड्रीत आलो. तिनं तळहात पुढे केला.

"परवा डबा घेऊन आलात तेव्हा वरच्या नोझलना हात लावलात का?"

बाबांना तर सांगायची घाईच झाली. "लावला म्हणजे? तू तळघरात पंपापाशी होतीस, तुझी माणसं जेवायला गेलेली. बघितलं तर नोझल नुसती हातानं फिरवून ठेवलेली, आट्यांना टेपचा पत्ता नाही. म्हटलं, पोरीची धांदल उडालीय, करून टाकू. काही काढली, टेप मारली, घट्ट आवळली. तुला सांगायचं राहूनच गेलं."

"काही म्हणजे कोणती?"

"आता तेवढं कोण लक्षात ठेवतं? जी सैल दिसली ती."

"बाबा, इथं टेप चालत नाही. तिचा कडेचा तुकडा सुटला की आत जातो आणि भोकं बुजतात."

झालं. बाबांचा चेहरा बदलला. "मी बसवलेला एक सांधा गळताना दाखव. एक थेंब दाखव."

"गळत नाही बाबा. तुमचा सांधा कधीच गळत नाही. पण इथं पाणी बाहेर यायला हवंय."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगायला हवं होतं. पण हात लावण्याआधी तुम्हीही मला विचारायला हवं होतं."

"आता सुनेला विचारून नळ बसवायचे का मी?" असं म्हणून ते ताडकन उठले आणि निघून गेले. छत्री माझ्याकडेच राहिली.

मी धाकटीला म्हटलं, "हे बघ, त्या खोलीतली उघड, साफ कर, आणि उद्याची तपासणी होऊन जाऊ दे. बाकीच्या खोल्या पुढच्या आठवड्यात एकेक करून बघ. आईंना उद्या-परवात रुग्णालयातून काढणार आहेत. त्यांना कुठं न्यायचं?"

ती नोझल हातात फिरवत बसली होती. म्हणाली, "ताई, बाबांनी बसवलेलं नोझल आणि आम्ही बसवलेलं नोझल खालून सारखंच दिसतं. आज ज्यातून धुकं आलं त्यातली टेप उद्या सुटेल. मला काय कळणार?"

"अगं, पण आई इथं यायच्या आहेत."

"म्हणून तर सगळी उघडणार आहे."

मी अजूनही म्हणते की माझं बोलणं अगदीच काही चुकीचं नव्हतं. घरात आजारी माणूस असलं की बाईला आधी पलंग दिसतो, छत नंतर. पण तिच्या आवाजात असं काही होतं की मी गप्प बसले, आणि मी गप्प बसणं ही काही रोजची गोष्ट नाही.

केंद्राच्या व्यवस्थापकांना आम्ही मागून 'घड्याळ' म्हणतो, कारण कुणी काही सांगितलं की ते आधी मनगटाकडे बघतात. धाकटी सरळ त्यांच्यासमोर उभी राहिली. "माझ्या कामात चूक निघालीय. पूर्ण मजला उघडून पाइप धुवावे लागतील. उद्याची तपासणी नको." बाबांचं नाव तिनं ओठांवर आणलं नाही. घड्याळानं मनगटाकडे बघितलं, कपाळाला हात लावला, दोन शब्द लागतील असे बोलले. मग तपासणीच्या बाईंना फोन लावला. त्या बाई समजूतदार निघाल्या. तयार झालं की कळवा, म्हणाल्या, घाई करून मला बोलावण्यापेक्षा हे बरं.

आणि आई घरी आल्या. माझ्या नवऱ्यानं आणि दिरांनी त्यांना खुर्चीवर बसवून तीन जिने वर आणलं. ते दिवस कसे गेले ते आमचं आम्हांला माहीत. दर थोड्या वेळानं कूस बदलायची, भरवायचं, धुवायचं, आणि आई सगळ्यांकडे अपराध्यासारख्या बघायच्या.

बाबांनी धाकटीशी अबोला धरला होता. ती समोर ताट घेऊन उभी असली तरी मला म्हणायचे, "तिला सांग, मला भूक नाही." मी म्हणायचे, "धाकटे, त्यांना भूक नाही बरं का." ती म्हणायची, "ताई, त्यांना सांगा, दोन घास खा." मधल्यामध्ये माझा टेलिफोन झाला होता. शेवटी मीच वैतागले आणि म्हटलं, "मी चालले कामाला, तुम्ही आपापली लाइन जोडून घ्या." कुणी हसलं नाही.

एका दुपारी मी लवकर घरी आले. बाबा एकटेच आईंपाशी होते. आईंना खिडकीशी बसायचं होतं, त्या डाव्या हातानं खिडकी दाखवत होत्या. बाबांनी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही. पुन्हा केला. जो माणूस लोखंडी पाइपांची मोळी खांद्यावर घेऊन जिने चढायचा, त्याला आपली बायको पलंगावरून खुर्चीपर्यंत नेता येईना. ते तिच्या शेजारी बसले आणि धापा टाकत राहिले. मी दारातूनच मागे फिरले, जिन्यावर थोडी थांबले, आणि मग मुद्दाम चपला वाजवत वर आले.

दुसऱ्या दिवशी बाबा केंद्रात हजर. अंगात कामाचा जुना शर्ट. आधी माझ्याकडे आले, खिशातून टेपचं रीळ काढलं आणि इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं.

"हे तुझ्याकडे ठेव. मागितलं तरी देऊ नकोस."

मग वर गेले. धाकटी शिडीवर होती. खाली उभे राहून ते म्हणाले, "शिडी धरायला आलोय. दुसऱ्या कशाला हात लावत नाही."

"धरा बाबा," ती म्हणाली. "डावा पाय हलतोय तिचा."

एवढ्यावर अबोला संपला. मी मात्र उगाच आठवडाभर टेलिफोन होऊन बसले होते.

त्या दोघांनी आणि तिच्या माणसांनी पूर्ण मजला उघडला. एकेक नोझल खाली यायचं, धाकटी जाळी तळहातावर उपडी करायची, आणि बाबा न बोलता वाकून बघायचे. आईंच्या शेजारच्या खोलीत टेप निघाली. पार टोकाच्या खोलीतही निघाली. तिथल्या एका नोझलची जाळी जवळजवळ बुजत आली होती, आणि चाचणीच्या दिवशी त्यातून छान धुकं आलं होतं. मी स्वतः त्या चादरीला हात लावून झकास म्हटलं होतं. धाकटीनं ती जाळी मला नुसती दाखवली. बाबा खाली बघत शिडी धरून उभे होते. चूक झाली असं ते तेव्हाही म्हणाले नाहीत. ते शब्द त्यांच्या तोंडात कधी बसलेच नव्हते, एकदम कुठून येणार?

पाइप धुऊन झाले, नोझल पुन्हा लागली, चादरी पुन्हा टांगल्या. या वेळी मी प्रत्येक चादर चारी कोपऱ्यांत चाचपली. सगळ्या सारख्या. तपासणीच्या बाई आल्या, त्यांनी त्यांच्या यंत्रांनी बघायचं ते सगळं बघितलं आणि दाखला दिला. त्याच आठवड्यात आई खिडकीजवळच्या पलंगावर आल्या. जीव भांड्यात पडला. शेजारच्या पलंगावर एक निवृत्त शिक्षिकाबाई होत्या. त्यांचे पाय चालत नव्हते, जीभ मात्र दोघींचं काम करायची. बाबा रोज दुपारी येऊन बसायचे, आईंना बाहेरचं काय काय सांगायचे, आणि शिक्षिकाबाई त्यांच्या चुका काढायच्या.

मग ती दुपार आली. मी धुतलेल्या चादरींची गाडी घेऊन वर जात होते. शिक्षिकाबाईंच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी होती, आणि तिला हवा भरणारी छोटी मोटर पलंगाच्या पायथ्याशी टांगलेली. ती आतून जळत होती, हे कुणाला कळलं नाही. बाहेर लोंबणाऱ्या पांघरुणानं पेट घेतला तेव्हा कळलं. मी खोल्यांमधल्या लांब वाटेवर होते. दारातून मला धूर दिसला, पिवळा उजेड दिसला, आणि बाबा दिसले. ते आईंच्या काखेत हात घालून त्यांना उचलत होते. त्यांना ते जमणार नव्हतं. हे जगात त्या क्षणी दोघांनाच माहीत होतं, त्यांना आणि मला. मी चादरींची गाडी टाकून धावले.

मी दाराशी पोचायच्या आत छतातून शिट्टी वाजली. खोली पांढरी झाली. पिवळा उजेड त्या पांढऱ्यात फडफडला, लहान झाला, आणि मला दिसेनासा झाला. मी आत घुसले तर तोंडाला, केसांना, पापण्यांना गार दमट लागलं, अगदी फवारलेल्या कापडात तोंड खुपसल्यासारखं. "आई," मी हाक मारली. उत्तर शिक्षिकाबाईंचं आलं. "त्या आहेत. मीही आहे, कुणाला चौकशी करायची असेल तर." मागोमाग परिचारिका आल्या, दोन्ही पलंगांची चाकं मोकळी केली, आणि आम्ही ते ढकलत बाहेर काढले. बाबा आईंचा हात धरून पलंगाबरोबर चालत होते. त्यांना खोकला येत होता, पण ते हात सोडायला तयार नव्हते.

अग्निशमनवाले आले तेव्हा त्यांना धुमसणारं पांघरूण आणि गादीचा एक कोपरा विझवायचा राहिला होता, तेवढंच. शिक्षिकाबाईंच्या घोट्याला चटका बसला, तो भरून आला. खालच्या मजल्यावर छतातून एक थेंबही उतरला नाही. माझ्या चादरी मात्र सगळ्या वाटेत पसरल्या होत्या, त्या मला पुन्हा धुवाव्या लागल्या. त्या धुताना मी मनसोक्त रडले. यंत्रांच्या आवाजात कुणाला ऐकू येत नाही, हा आमच्या लाँड्रीचा एक मोठा फायदा आहे.

धाकटी दुसऱ्या एका इमारतीवर कामाला होती, तिथून धावत आली. आधी आईंना पोटाशी धरलं. मग सवयीनं खोलीत गेली आणि मान वर करून छताकडे बघत उभी राहिली. बाबा तिच्या मागोमाग आत गेले. ओल्या फरशीवर दोघं बराच वेळ तसेच उभे होते, माना वर करून.

"ते खिडकीकडचं," बाबा म्हणाले. "ते माझं होतं ना?"

"हो बाबा."

"तू त्या दिवशी माझं ऐकून ते तसंच ठेवलं असतंस, तर आज ही राहिली नसती."

धाकटीनं छतावरून नजर खाली आणली.

"माझी चूक होती," बाबा म्हणाले. मी दारात उभी होते. इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. धाकटीनं त्यांचा ओला दंड धरला आणि त्यांना कोरड्या खुर्चीवर आणून बसवलं.

आता आई हळूहळू बोलायला लागल्या आहेत. भेटायला माणसं येतात. कुणी आलं की बाबा त्यांना आधी खोलीच्या मध्यभागी उभं करतात आणि छताकडे बोट दाखवतात. "ते खिडकीकडचं बघा. त्याच्यात मी टेप कोंबली होती. आमच्या सुनेनं काढली." पुढे सगळं सविस्तर, सुईच्या टोकाएवढ्या भोकांपासून चादरीपर्यंत. शिक्षिकाबाई मधूनमधून दुरुस्त्या करतात. आई डावा हात हलवून "पुरे" म्हणतात, तो शब्द त्यांना आता चांगला जमतो. धाकटी तिथं असली तर लाजून मधल्या वाटेवर निघून जाते. टेपचं रीळ अजून माझ्या खणात आहे. माझ्या चष्म्याची काडी पुन्हा निखळली तेव्हा बाबांनी ते मागितलं होतं, मी दिलं नाही. या माणसानं उभ्या आयुष्यात गावभर घराघरांत पाणी नेलं, आणि त्यातलं एकही काम त्यांनी आम्हांला कधी बोट दाखवून दाखवलं नाही. दाखवतात ते हे एकच, आणि तेही सुनेनं उकलून पुन्हा केलेलं.